पस्तीस मिलिमीटर

परकार मिस्त्रीने दाराच्या कडेला पट्टी धरली.
अठ्ठावीस. कुलपाला पस्तीस लागतात.
म्हणाला, बिल्डरने दार नाही दिलेलं,
दाराचा फोटो दिलाय.

भोक पाडलं तर भुसा आला, ओलसर पुठ्ठा,
मग नुसतीच पोकळी.
सात वर्षं कांजूरच्या चौदाव्या मजल्यावर
आम्ही हिच्या भरवशावर झोपलो.

जाडी वाढवायला लाकूड हवं होतं.
माळ्यावरचा सागवानी पाट काढून दिला.
त्याने तो कापला, रंधा मारत मारत
सात मिलिमीटरवर आणला, आतून ठोकला.

"शेजारी चोरी झाली का?"
मी हो म्हटलं.
आतूनही किल्लीच लागणारं कुलूप
चोरासाठी कोणी घेत नाही,
हे त्याला कळलं असावं.
स्क्रू मोजत राहिला.

पहाटे चारला आई उठली.
पांढरी साडी, खांद्याला पिन,
सायनच्या वॉर्डात सातची ड्यूटी,
जी सुटून बावीस वर्षं झाली.
हँडल दाबलं. पुन्हा दाबलं.
मग हात कुलपाभोवती फिरला, थांबला.
"हा आपला पाट," म्हणाली,
आणि दारासमोर मांडी घालून बसली,
जेवायला बसावं तशी.

किल्ली माझ्या मुठीत.
मी काय वाढणार होते?