खानेसुमारी

लाघेमला चाक येत नाही.
आलं तर उन्हाळ्यात, आणि तेही ओढ्यापर्यंत.
म्हणून भर जुलैतसुद्धा आमची घसरगाडीच :
भूर्जाची दोन वाकडी लाकडं, वर गवताची गंजी,
पुढे बैलजोडी, मागे बेशो शिव्या देत.
बैलांना सगळ्या शिव्या पाठ आहेत,
कुठल्या शिवीला वळायचं, कुठलीला थांबायचं.

खानेसुमारीवाला आला तेव्हा
आम्ही वरच्या उतारावर गवत कापत होतो.
उतार असा की कापणाऱ्याच्या कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक झाडाला.
तो खालूनच ओरडला : घरं किती?
मी वरून ओरडले : कुठली?
दारं असलेली सात.
धुराडी शाबूत असलेली पाच.
धूर निघतो तिनांतून,
त्यातला तिसरा दारेजानचा. ती एकटीच,
पण चूल दोघांपुरती पेटवते.
सवय.

धापा टाकत वर आला. पोरगाच होता,
नव्या बुटांना आमचा चिखल.
दगडावर बसवलं, चीज भरलेली भाकरी दिली,
लसूण घालून कुटलेलं मीठ दिलं.
त्याच्या पाठीमागे उश्बाची दोन शिंगं
ढगात घुसली होती, त्याने वळून पाहिलं नाही.
माणसं किती?

बेशोने बोटं घातली. सात.
मग अंगठ्यापाशी अडला :
दारेजानचा गुर्गेन कुताइसीला ट्रक चालवतो,
पण त्याचे बटाटे इथे आहेत, ह्या वाफ्यात,
त्यानेच मे महिन्यात लावलेले.
ज्याचे बटाटे जमिनीत आहेत
तो माणूस राहतो कुठे?

पोरगा म्हणाला, असा रकाना नाही.

दारेजान विळ्याला दगड लावत होती.
म्हणाली, जानेवारीत ये मोजायला.
जानेवारीत आमचे मेलेले जेवायला येतात.
बर्फ आत आला तरी दार लोटत नाही आम्ही.
वाफाळतं ताट पुढे ठेवतो,
वाफ त्यांची, उरलेलं आमचं.
तेव्हा बाकं पुरत नाहीत बघ.

पोरगा हसला नाही.
पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

उतरताना त्याची जीप ओढ्यात रुतली.
बैल सोडून आणले, दोर बांधला,
बेशोने तीन शिव्या दिल्या, तिसरी ठेवणीतली,
आणि जीप पुचकन बाहेर.
काच खाली करून त्याने विचारलं,
बैलांची नावं काय?
शावा आणि लोमिया.
तीही लिहून घेतली. कुठल्या रकान्यात, देव जाणे.

बटाटे निघाले. गुर्गेन दोन दिवसांसाठी आला,
स्वतःची ओळ खणली, आईची खणली, गेला.
पहिल्या बर्फाच्या आधी तालुक्याहून कागद आला :
लाघेम. घरं तीन. माणसं आठ.

दारेजानने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.
आठ?
आठ.
घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवला,
आणि चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.