संशोधनाचा प्रभाव (फक्त आकड्यांत)

फॉर्मवरचा सतरावा रकाना. बाकीचे सगळे भरून झालेत,
नाव : डॉ. कुंतला भूपाल मगदूम,
विषय : माहिती प्रणाली,
सेवा : सव्वीस वर्षं, रजा शिल्लक दोनशे बारा.
कमिटी सोमवारी येणार. विश्रामबागेत सकाळपासून लाइट जातेय-येतेय
आणि मी दर दहा मिनिटांनी सेव्ह करतोय.

मी विचारलं, मॅडम, सतरामध्ये काय घालू?
म्हणाल्या, संदर्भ किती वेळा दिला गेला ते घाल. चौदा.

चौदा.
त्यातला एक ब्राझीलचा, कॉफीच्या लिलावावरचा.
एकात मॅडमचा 'तो' झालाय,
'मगदूम हा संशोधक म्हणतो', असं काहीतरी.
बाकीचे मी उघडायला गेलो तर पैसे मागतात.
हरिपूरला हळदीची पेवं असायची तशी ही नियतकालिकं :
तोंड बंद, वर माती,
आणि उघडलंच तरी लगेच आत उतरायचं नाही,
आधी कंदील सोडून बघायचा, विझतो का.

मला तो निबंध टाइप करताना कळला नव्हता. नऊ साल होतं.
मॅडम चार महिने मार्केट यार्डात जायच्या,
पोत्यावर बसायच्या, संध्याकाळी ऑफिसात आल्या
की खुर्चीवर पिवळं उमटायचं, शिपाई कुरकुरायचा.
समितीनं तेव्हा कॉम्प्युटर आणले होते सौद्यासाठी.
सहा. प्लास्टिकचं कव्हर घातलेले.
कव्हर कुणी काढत का नाही, एवढाच मॅडमचा प्रश्न.

अडते म्हणाले, माणसं अडाणी.
कंपनी म्हणाली, प्रशिक्षण वाढवा.
मॅडमनी लिहिलं : यंत्र आधी भाव विचारतं.
इथे आधी वक्कल बघतात, मग हळकुंड मोडतात,
मोडल्याचा आवाज ऐकतात,
मग रुमालाखाली बोटं.
भाव शेवटी येतो. आणि ज्याची हळद
त्याला सगळ्यांच्या शेवटी.
ही ओळ मला पाठ आहे, कारण तिच्यात मी
'शेवटी' दोनदा चुकून 'शेती' टाइप केलं होतं.

परवा वर्षाची हळद आणायला गेलो.
तोलार दस्तगीर मुजावर, आता थकलेत, चष्म्याला दोरी.
पावतीच्या मागं पेन्सिलनं ओढलेली उभी रेघ,
आणि वर बारीक अक्षरात : सौदा किती वाजता.
म्हटलं, हे काय?
म्हणाले, एक बाई यायच्या. रोज एकच विचारायच्या,
भाव ठरला कधी, आणि ह्याला कळला कधी?
रोज कोण उत्तर देणार? मग लिहूनच ठेवाय लागलो.
आता पलीकडचं दुकानपण लिहितंय. त्याच्या पलीकडचंही.
का लिहितात, त्यास्नी ठाऊक न्हाई.
पण वेळ लिहिलेली असली की
दुपारचा भाव सकाळचा म्हणून सांगता येत न्हाई.

हे मी मॅडमना सांगितलं, जरा घाईघाईनं,
जशी काही माझीच बढती होती.
त्या चहा ढवळत राहिल्या. साखर न घातलेला चहा.
मग विचारलं, रेघ पट्टीनं ओढलीय की हातानं?
हातानं.
हं, म्हणाल्या.

मी सतरामध्ये ते लिहून पाहिलं.
'पावतीच्या मागची रेघ, दुकानं निदान तीन'.
रकाना लाल झाला. फक्त अंक टाका, म्हणाला.
चौदा टाकलं. हिरवा झाला.

जाता जाता मॅडम दारातून परत आल्या.
चौदा नको, तेरा कर.
एक माझाच आहे, मीच मला दिलेला.
कोण मोजतं मॅडम, म्हटलं.
त्यांनी नुसतं पाहिलं. मी तेरा केलं.

एक सांगायचं राहूनच गेलं त्यांना.
पिशवी उचलताना दस्तगीरभाई म्हणाले होते,
त्या बाई हायत का अजून कॉलेजात?
त्यांची पेन्सिल ऱ्हायलीया माझ्याकडं.
म्हणजे पेन्सिल संपली कवाच,
पर द्यायची हाय.