मुकादम

माझ्या नावाला अनुमोदन कोण देतंय, विचारलं
तेव्हा मागच्या रांगेतून एक हात वर आला,
हातात अर्धा शावर्मा.
मुनीर मुकादम. सिव्हिल, तिसरं वर्ष, गाव खेड.
एकेचाळीस विरुद्ध अडतीस.
मी अध्यक्ष झाले.

शारजात विद्यापीठांचं एक अख्खं गाव आहे.
घुमट, खजूर, आणि एका दारातून दुसऱ्या दारी
चालत जायला कुणी धजत नाही असे रस्ते.
त्या गावात माझा बिल्ला, माझी सही, माझा माइक.
मी म्हणायचे, आपण करू.
आपण म्हणजे बहुतेकदा मुनीर.

सगळे कडक चहाला पांगले की
तो खुर्च्यांच्या सहा-सहाच्या चळती रचायचा.
सहाच का?
सातवी घसरते, म्हणाला.
पहारेकरी गुलझमानला तो त्याच्या लेकीच्या दाढेबद्दल विचारायचा,
म्हणून हॉलचे दिवे अकरापर्यंत राहायचे.
मला वाटायचं, माझ्या पत्रामुळे राहतात.

एकदा चिडून म्हटलं, आडनाव मुकादम
आणि साधा एक हुकूम सोडवत नाही तुला.
हसला.
"आजोबांनी सोडले तेवढे पुरेत.
गोदीतली माणसं अजून त्यांचं नाव काढत नाहीत."

अडला फक्त एकदाच.
अनुदानासाठी हजेरी ऐंशी हवी होती, आलेले बावन्न.
उरलेल्या सह्या तू कर, म्हटलं
तर त्यानं पेनाला टोपण लावलं.
बोलला काहीच नाही.
मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.
अनुदान बावन्नचंच आलं.

फेब्रुवारीत त्याच्या वडिलांची कंपनी बुडाली.
हातात तीस दिवस, मग सामान, मग विमान.
पोचवायला आमच्यातलं कुणी गेलं नाही,
त्या संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक होती.
अध्यक्षस्थानी मी होते.

मार्चच्या कार्यक्रमात माइक मुका.
नव्वद माणसं माझ्याकडे बघतायत.
कपाट उघडलं: एक्स्टेन्शनची वायर, नीट गुंडाळलेली,
तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर त्याचं बारीक अक्षर.
"डावीकडच्या भिंतीत लाव.
उजवीकडचं फक्त दिसायला आहे."

लावलं.

रात्री खुर्च्या उचलत होते तर
पहिल्या वर्षाची ती हेरवाडकर आली.
ताई, तुम्ही कशाला? तुम्ही अध्यक्ष ना?
म्हटलं, धर त्या बाजूनं. आणि सहाच हं.
सातवी घसरते.

तिनं सातवी ठेवून पाहिलीच.