तीन टक्के

पहिली ऑर्डर गॅस्केटची होती.
चारशे नग, रबरी, बत्तीस मिलिमीटर.
मी चारदा तपासलं आणि चार हजार टाइप केले.
तुर्कूच्या गोदीत खोकी उतरली तेव्हा
गोदामातला सुलो हसला नाही, फक्त म्हणाला,
"तुओवी, जहाज बांधतेस का समुद्र बुजवतेस?"
त्यातलं एक अजून माझ्या मोरीतल्या नळाला आहे.

मला कुर्केलाने घडवलं.
तो म्हणायचा, गरजवंताला अक्कल नसते,
तेव्हा गरज बाहेर ठेवून ये, कोटाबरोबर, खुंटीला.
समोरच्याने भाव सांगितला की बोलायचं नाही.
कॉफी ओतायची. आधी त्याला.
मग स्वतःला.
मग साखर शोधायची, असली तरी.

आम्हाला गप्प बसणं जड जात नाही.
माझे आईवडील अख्खा हिवाळा
"वारा वळला" एवढ्यावर काढायचे.
जेनोआचा एक झुंबरवाला माझ्यासमोर
अकरा मिनिटं टिकला,
मग स्वतःशीच घासाघीस करत
स्वतःलाच चार टक्क्यांनी हरवून बसला.
उठताना म्हणाला, बाई, तुमच्याकडे जेवताना लोक काय करतात?
जेवतात, मी म्हणाले.

चौतीस वर्षं.
मालक बदलले, हेल्मेटवरचं चिन्ह बदललं,
आतलं डोकं तेच.
पडद्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत
एका जहाजात काय काय लागतं
ते मला झोपेत विचारा,
पण त्यातल्या एकाही जहाजावर मी रात्र काढलेली नाही.

लोइमाच्या बाहेर ओस्कारी रांताकोस्की
केबिनच्या दारांच्या पितळी बिजागऱ्या करायचा.
नऊ माणसं, एक कुत्रा, एक भट्टी.
माल जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून पाठवायचा,
त्यामुळे मला लोइमातले मृत्यू आणि लग्नं
तीन आठवडे उशिरा कळायची.
एका शरदात त्याने बादलीभर लाल बेरी पाठवल्या.
भेटवस्तूंचे नियम, परिच्छेद सहा:
मी बादली कुरिअरने परत केली.
कुरिअरचा खर्च बेरींपेक्षा जास्त आला.
तो मी मंजूर केला.

मग दुसरीकडून तीन टक्के कमी भाव आला.
स्प्रेडशीटमधला तो चौकोन आपोआप हिरवा झाला.
फोन मी केला नाही. पत्र गेलं.
मसुदा माझाच, बरा होता.
"दीर्घ सहकार्याबद्दल" हे शब्द दोनदा आले म्हणून एकदा काढले.
त्याचं उत्तर एका ओळीचं:
समजलं. शेवटची खेप मंगळवारी निघेल.

मंगळवारीच निघाली.
सुलोने मोजली, परत मोजली.
बारा नग जादा. बिलात नाहीत.
तळाशी चिठ्ठी, पेन्सिलने:
मोडल्या तर असाव्यात.

जादा मालासाठी आमच्याकडे फॉर्म आहे.
कारण या रकान्यात मी लिहिलं, अज्ञात.

परवा केक कापला.
केकसाठीही तीन कोटेशनं मागवली होती,
मधलं निवडलं, ते पाहून मला बरं वाटलं.
माझ्या खुर्चीत आता एलिएल बसणार,
सव्वीस वर्षांचा, नखं कुरतडणारा.
सगळे गेल्यावर थांबला आणि म्हणाला,
एक गोष्ट सांगा, फक्त एक,
जी कुठल्या फाइलमध्ये नाही.

मी कॉफी ओतली. त्याला.
मग मला.
बारा बिजागऱ्या जिभेच्या टोकावर होत्या,
लोइमा होतं, ती बादली होती.
मी साखर शोधत राहिले.

बाहेर क्रेनने काहीतरी उचललं, परत ठेवलं.
एलिएलने मान हलवली,
वहीत काहीतरी लिहून घेतलं
आणि म्हणाला, समजलं.

काय समजलं, ते मी विचारायला हवं होतं.
कप दोन्ही मीच विसळले.