छातीच्या उंचीवर

पालपासून दोन तास चाललं, सुकीचा नाला तीनदा ओलांडला
की प्लॉट नंबर चौदा.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं सुभान तडवीच्या.
एकवीस वर्षांत टेप तीनदा बदलला.

पहिल्या साली मोजण्यासारखं काही नव्हतं.
घोट्याएवढे बुंधे, त्यांवर काळपट पडलेला डिंक,
आणि ऊन.
मी लिहिलं : शून्य.
सुभान म्हणाला, "लिवा ताई. पन हा मेला नही,
बसला हाये."

त्याला ठाऊक असणारच.
यातली निम्मी झाडं त्यानंच पाडलेली,
कूपाच्या कामावर, रोजंदारीनं.
दोन साग त्याच्या भावाच्या घराला लागले,
ते कुठल्याच वहीत नाहीत.

दुसऱ्या साली एका बुंध्याला एकोणीस धुमारे.
एकोणीस! मी हरखून सगळे मोजले.
पाचव्या साली सात.
बाराव्या साली दोन.
आता एक, मांडीएवढा,
आणि त्याला टेकून एक वाळका,
जणू निरोप पोचलाच नाही त्याच्यापर्यंत.

पळस मुळांवरून फुटत फुटत
आमच्या दोरीबाहेर निघून गेला.
एकशे सत्तेचाळीस नंबरच्या धावड्यानं
आपला पत्रा सालीत ओढून घेतला,
फक्त सात दिसतो.
अंजन येईना. त्याचं बी सालोसाल धरत नाही.
सोळाव्या उन्हाळ्यात धरलं कुठेतरी वरच्या कड्यावर,
वारा घेऊन आला.
पुढच्या आषाढात पहिलं जोडपान :
शेळीच्या खुराएवढं.
मी ते सुभानला दाखवलं, आणि त्यानं
इकडेतिकडे बघितलं, शेळ्या कुठंयत म्हणून.

नाल्यापलीकडे पंधरा नंबर.
तिथे नऊ वर्षं ज्वारी-तूर होती, मग सोडून दिली.
तिथे बुंधे नाहीत, टणटणी आहे,
माणूस शिरत नाही अशी.
"कुऱ्हाडीनं जंगल मरत नही," सुभान तंबाखू मळत म्हणाला,
"नांगरानं मरतं."
पण बांधावर एक मोह राखला होता, फुलांसाठी.
पाखरं त्यावर बसली, बसून गेली.
त्याच्या सावलीच्या गोलात तेवढी
भोकर आहे, चारोळी आहे, एक वाकडी बोर आहे.
गोल दर साली वीतभर सरकतो.
मला वाटतं सरकतो.

घेर घ्यायचा तो छातीच्या उंचीवर.
त्याखालचं मोजायचं नाही, असा नियम.
पहिली काही वर्षं सुभानची छाती हीच खूण होती.
यंदा टेप खाली गेला, मी म्हटलं, "काका, वर."
तो हसला. "छातीच खाली आली, ताई."
मग काठीला खाच पाडली.

आणि ही टेंभुर्णी, उत्तरेच्या कोपऱ्यात.
दर मार्चला वणवा तिला जमिनीपर्यंत जाळतो,
दर पावसात ती दोन-चार पानं काढते.
एकवीस वर्षं गुडघाभर.
एकदा सुभाननं खुरप्यानं माती उकरून दाखवली :
खाली मूळ त्याच्या मनगटाहून जाड,
काळं, आणि अजून खाली जाणारं.
माती त्यानं परत लोटली, हातानं थापली.

वहीत तिच्यासाठी रकाना नाही.
टेप गुंडाळत आम्ही निघालो.
कोपऱ्यावर आल्यावर सुभाननं
गुडघ्याला हात लावून पाय उचलला, जरा जास्तच वर,
आणि तिच्या पलीकडे टाकला.