सातवा रकाना

फेब्रुवारीतले शनिवार मी
टेरा होटच्या वाचनालयाच्या तळघरात काढतो,
लोकांचे कराचे फॉर्म भरून देतो, फुकट.
चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला,
आता दुसऱ्यांच्या पगाराचे नकाशे वाचतो.
बहुतेक सपाट प्रदेश.

आज व्हर्नेल आली. बुटांना रस्त्यावरचं मीठ,
बगलेत कॉफीचा पत्र्याचा डबा,
डब्यात वही, तेलकट, रबर लावलेली.

पगार : तासाला दोन डॉलर तेरा सेंट.
छपाईची चूक असेल, मी म्हणालो.
हे मी दरवर्षी म्हणतो
आणि ती दरवर्षी हसते, एकाच बाजूने,
दुसऱ्या बाजूची दाढ
गेली तीन वर्षं परताव्याची वाट बघते आहे.

बाकीचं गिऱ्हाईक देतं ना, खुशीनं.
ती खुशी सातव्या रकान्यात लिहायची.

वही उघडली.
१४ जानेवारी. बर्फ. तीन टेबलं. अकरा डॉलर.
१९. मॅच जिंकलो. त्र्याण्णव!
२६. हरलो.
(पुढे आकडा नाही, नुसती रेघ.)
२ मार्च. चर्चची मंडळी, चौदा जण. बशीखाली नोट.
उलगडली तर नोट नव्हे, पत्रक : तुमचं खरं धन स्वर्गात आहे.
३ मे. सहा नंबरचे आजोबा, आज एकटेच. वीस ठेवले.
परत द्यायला धावले, गाडी निघून गेली होती.
८ जून. दाढ. हसले नाही. एकोणीस.

मी बेरीज करत गेलो.
बक्षिसीवरचा कर माफ, असं चाललंय म्हणे, मी म्हणालो.
करा की माफ, ती म्हणाली,
आमच्यावर बसतो तरी केवढा!
पण मालक म्हणेल, बघ, तुझं भागलं,
आणि ते दोन-तेरा तिथेच.
लेक झाली तेव्हा दोन-तेरा होते.
आता लेकीची लेक
शाळेत दशांश चिन्ह शिकते.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिल :
ओ. ४. ओ. ९. ओ. २.
हा ओ. कोण?

ओस्मीन. भांडी घासतो.
त्याच्यापर्यंत कुणाची खुशी पोचत नाही, मधे दार आहे.
त्याला माफ करायला आहे काय?
पण ताटंच खरकटी आली
तर माझं हसू काय चाटायचंय लोकांनी?

नियमांचं पुस्तक चाळलं. हे वजा करता येईल, व्हर्नेल,
वर्षाचे अकराशे चाळीस होतात,
फक्त ते त्याच्या नावावर दाखवावे लागतील.

तिने वही ओढून घेतली.
मोठ्ठं खोडरबर मागितलं.
कोपरा, कोपरा, कोपरा.
मग रबराचा चुरा तळहातावर गोळा करून
डब्यात टाकला.
सगळे माझेच आहेत, म्हणाली, लिहा.

मी लिहिले.

रात्री मी तिच्या हॉटेलात गेलो, उगाच.
चेरी पाय खाल्ला, दोनदा कॉफी घेतली.
बिल साडेनऊ.
पाकीट उघडून बसलो,
पाच ठेवले. दहा केले. परत पाच.
किती ठेवले म्हणजे खुशी संपते
आणि पगार सुरू होतो,
चाळीस वर्षं शिकवूनही मला ही सीमारेषा काढता येईना.

झुलतं दार उघडलं.
वाफेत कोपरापर्यंत लाल झालेले दोन हात,
एक ताट दिव्याकडे धरून
तो डाग बघत होता.
दार मिटलं.
व्हर्नेल माझ्या टेबलाकडे वळली,
अर्धंच हसत.