रुझारनं बोलावलं म्हणून

"बाय, तूं इस्कोलांत हाडां शिकयता न्हय?"
एवढंच म्हणाला फोनवर.

दिवाडीचं सिमितेर, सकाळचे आठ.
तीन वर्षं पुरी झाली, फोंड उघडलेली,
जागा दुसऱ्या कुणाला हवी आहे.
रुझारच्या आईला आता भिंतीतल्या कोनाड्यात जायचंय
आणि खणणाऱ्यावर त्याचा भरवसा नाही.
एखादं राहिलं तर माय रागावेल, म्हणतो.

मी पांढऱ्या चादरीपाशी बसले.
वर्गात तक्त्यावर पट्टी टेकवून म्हणते, दोनशे सहा.
मुलं लिहून घेतात.
जन्मताना जास्त असतात, मग सांधत जातात,
हेही सांगते, परीक्षेला येत नाही तरी.

तो हातात देतो, मी नाव सांगते.
मांडीचं, सर्वांत लांब.
नडगी. तिच्या शेजारची काडी.
गुडघ्याच्या वाट्या, करवंटीच्या तुकड्यांसारख्या,
रोज तिन्हीसांजेला तेर्साला टेकलेल्या.
खांद्याचं फावडं, मधे इतकं पातळ
की उन्हात धरलं तर पलीकडचं बोट दिसावं.
बरगड्या बारा आणि अकरा.
बारावी मिळते शेवटी, माडाच्या मुळात अडकलेली.
मनगटाचे आठ खडे, आणि मातीतले खरे खडे:
रुझार तळहातावर तोलून बघतो.
दगड जड. आई हलकी.

मानेचे मणके सात, कडांना खडबडीत ओठ फुटलेले.
चाळीस वर्षं आगरातलं मीठ, डोक्यावरून.
माकडहाड म्हटल्यावर रुझार हसला,
मग इगर्जेकडे बघून गप्प झाला.

आमच्यात असं वाचायला मिळत नाही.
अण्णांच्या अस्थी तिसऱ्या दिवशी
दूध शिंपडून राखेतून वेचल्या, एका मडक्यात मावल्या.
कुठलं हाड कुठलं, विचारायला वेळ नव्हता,
भटजींना फेरी गाठायची होती.

मग डावा हात.
अंगठ्याच्या बाजूचं, मनगटाच्या दोन बोटं वर
एक गाठ. किंचित वाकडं.
मोडलं की आधी रक्त साकळतं,
मग कूर्चा धरते, मग नवं हाड भरतं
गरजेपेक्षा थोडं जास्तच,
घाबरलेल्या सुतारानं दोन खिळे ज्यादा मारावेत तसं.
हा धडा मला येतो.
हे हाडही.

नार्व्याची फेरी, ओलं लोखंड,
सातवीतली मी, बोट आणि धक्क्याच्या मधे,
आणि एक हात, ज्यानं सोडलं नाही.
आवाज झाला होता, सुकी काठी मोडावी तसा.
वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या.
दोन महिने एस्पेरांसमाय उजव्या हातानंच केस बांधायला बघायची
आणि जमलं नाही की शिव्या द्यायची, फेरीला.

"किदें जालें?"
"काही नाही. हे डावं."

दुपारी एकशे अठ्ठ्याण्णव, कवटीची बावीस धरून.
आठ नव्हती.
कानांतली सहा, त्यात ती रिकीब,
तांदळाच्या कणीएवढी, ती मिळणार नव्हतीच.
पायाच्या करंगळीचं टोक.
आणि कंठातलं एक, घोड्याच्या नालासारखं,
जे कुठल्याच दुसऱ्या हाडाला जोडलेलं नसतं.

"सगळीं आसात मगो?"
सगळी, मी म्हटलं.

रुझारनं पेटी पुसली, झाकण लावलं,
बाहीला माती तशीच ठेवून मला धक्क्यापर्यंत सोडलं.
फेरीवर बाकडं रिकामं होतं.
मी कठड्याला धरून उभी राहिले, दोन्ही हातांनी.
ओहोटी होती.